पान तोडण्याआधी पिक्सेल पाहा: वनस्पतींच्या सुदूर संवेदनासाठी जमिनीवरचे नमुने कसे घ्यावेत

माझ्या पहिल्या मोठ्या फेरीतून परतलो तेव्हा गाडीच्या डिकीत पानांच्या पिशव्यांचा ढीग होता आणि वही नीट भरलेली होती. हरितद्रव्य मोजलं, वजनं केली, तक्ता सुबक तयार झाला. मग ते आकडे उपग्रहाच्या प्रतिमेशी जोडून आलेख काढला, तर ठिपके मूठभर मोहरी फेकल्यासारखे कागदभर पसरलेले. चूक शोधण्यात आठवडा गेला आणि सापडली तेव्हा आमचं आम्हालाच हसू आलं. सगळी पानं हाताला लागतील तिथून, म्हणजे खालच्या फांद्यांवरून तोडलेली होती. उपग्रह झाडाकडे वरून बघत होता आणि आम्ही खालून.

त्यानंतर प्रत्येक कामाआधी मी एकच प्रश्न विचारतो: हे वरून दिसतं का, आणि किती दिसतं? प्लॉट कुठे आखायचा, फांदी कोणती कापायची, कोणत्या झाडाला किती वजन द्यायचं, या सगळ्याची उत्तरं त्या प्रश्नातून निघतात. खाली सांगितलेली पद्धत बहुस्पेक्ट्रमी उपग्रह (प्रकाशाचे थोडेच, रुंद पट्टे टिपणारे), हायपरस्पेक्ट्रल उपग्रह (खूप सारे अरुंद पट्टे टिपणारे) आणि ड्रोन या तिन्हींसाठी चालते. बदलतात ती मापं.

आधी काय मोजायचं ते ठरवा

नुसता प्रजातींचा किंवा वनप्रकारांचा नकाशा करायचा असेल तर पान तोडायची गरजच नाही. तुम्हाला हव्यात झाडाच्या माथ्याच्या अचूक सीमा आणि खात्रीचं नाव. नावाबद्दल शंका असेल तर फूल किंवा फळासकट एक फांदी वर्तमानपत्रात दाबून आणा आणि जाणकाराला दाखवा. नंतर नाव बदललं तर सगळ्या नोंदी दुरुस्त करायला तो दाबलेला नमुनाच आधार असतो.

हरितद्रव्य, नायट्रोजन, पाणी किंवा पानाची जाडी यांचा नकाशा हवा असेल तर मात्र काम दुप्पट होतं, कारण प्रतिमेला एकटं पान कधीच दिसत नाही. तिला दिसतो पानांचा थर, म्हणजे पर्णछत्र. एका पानात दर चौरस सेंटीमीटरला ४० मायक्रोग्रॅम हरितद्रव्य आहे आणि जमिनीच्या दर चौरस मीटरवर ३ चौरस मीटर पानं आहेत, तर पर्णछत्राचं हरितद्रव्य झालं दर चौरस मीटरला १.२ ग्रॅम. प्रतिमेतला आकडा या गुणाकाराच्या जवळ जातो. म्हणून पानाचे गुण मोजायचे तिथेच पर्णक्षेत्र निर्देशांकही, म्हणजे एलएआयही (वरच्या उदाहरणातला ३ हा आकडा), त्याच दिवशी मोजावा लागतो. यातलं एक मोजून दुसरं राहिलं की घरी आल्यावर ते भरून काढायला काही मार्ग नसतो.

जैवभार हवा असेल तर गवत, झुडूप आणि झाड यांच्या पद्धती वेगळ्या. झाडांचा जैवभार छातीच्या उंचीवरच्या व्यासावरून, म्हणजे १.३ मीटरवर टेप लावून आणि समीकरणं वापरून काढतात. त्यात पानाचा संबंध फारसा नाही, म्हणून तो विषय इथे सोडून देतो.

प्लॉटचा आकार: इथेच सगळ्यात जास्त काम फुकट जातं

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रह मालिकेचं उदाहरण घेऊ. याचा पहिला उपग्रह जून २०१५ मध्ये आणि दुसरा मार्च २०१७ मध्ये सुटला. त्याच्या १३ बँडपैकी, म्हणजे प्रकाशाच्या वेगवेगळ्या पट्ट्यांपैकी, निळा, हिरवा, लाल आणि जवळचा अवरक्त असे चारच बँड १० मीटरचे आहेत. हरितद्रव्यासाठी लागणारे रेड एज (लाल आणि अवरक्ताच्या सीमेवरचे) बँड आणि पाण्यासाठी लागणारे लघुलहरी अवरक्त बँड २० मीटरचे. म्हणजे तुमचा निर्देशांक (दोन-तीन बँडच्या आकड्यांतून काढलेला एक आकडा) रेड एजवर चालणार असेल तर तुमचा पिक्सेल २० मीटरचा आहे. '१० मीटरचा उपग्रह' हे तिथे लागू पडत नाही. लँडसॅट ८ आणि ९ चा पिक्सेल ३० मीटरचा, प्रिस्मा आणि एनमॅप या हायपरस्पेक्ट्रल उपग्रहांचाही ३० मीटरचा.

आता प्लॉट २० मीटरचा केला म्हणून तो एका पिक्सेलमध्ये बसेल असं नाही. प्रतिमेची जागा थोडी सरकलेली असते, तुमच्या जीपीएसचीही चूक असते. जुना पण अजून चालणारा हिशेब असा: प्लॉटची बाजू = पिक्सेलची बाजू × (१ + २ × जागेची चूक, पिक्सेलमध्ये). चूक अर्धा पिक्सेल धरली तर १० मीटरच्या पिक्सेलला २० मीटरचा प्लॉट लागतो, २० मीटरच्या पिक्सेलला ४०, आणि लँडसॅटला ६० मीटर. आकडे मोठे वाटतात. पण ६० मीटरच्या प्लॉटभर सगळं मोजायचं नसतं. तेवढ्या भागात वनस्पती एकसारखी असली पाहिजे, इतकाच त्याचा अर्थ. मोजणी आत विखुरलेल्या बारा-पंधरा बिंदूंवर करायची. बिंदू मी फुलीच्या आकारात टाकतो, दोन्ही कर्णांवर समान अंतराने. मध्यावर गर्दी केली तर कोपऱ्यातला वेगळेपणा निसटतो.

एकसारखेपणा घरबसल्या तपासता येतो. अलीकडची ढगविरहित प्रतिमा घ्या, एनडीव्हीआय (लाल आणि जवळच्या अवरक्त बँडवरून काढलेला हिरवेपणाचा निर्देशांक) काढा आणि प्रत्येक पिक्सेलभोवतीच्या ३ × ३ पिक्सेलमधला फरक पाहा. फरक मोठा दिसला की ती जागा सोडा. रस्ता, ओढा, बांध, पडलेली मोठी झाडं यांच्यापासून निदान दोन पिक्सेल आत राहा.

जागा निवडताना सोयीचा मोह आवरणं सगळ्यात अवघड. रस्त्यालगत प्लॉट टाकले की सगळे एकाच जातीचे होतात: उजेड जास्त, धूळ जास्त, तोड जास्त. त्यापेक्षा एनडीव्हीआयचे पाच-सहा स्तर पाडा आणि प्रत्येक स्तरातून यादृच्छिक जागा निवडा. विरळ आणि दाट अशी दोन्ही टोकं घ्याच. प्रतिमेचा आकडा आणि जमिनीवरचं माप जोडणारं समीकरण मधल्याच प्लॉटवर उभं केलं तर ते टोकांना हमखास चुकतं. दाट टोकाला आणखी एक पेच आहे. एलएआय ३ च्या आसपास गेला की एनडीव्हीआय जवळजवळ वाढायचाच थांबतो, त्यामुळे एनडीव्हीआयच्या वरच्या एका स्तरात प्रत्यक्षात खूप वेगवेगळी जंगलं लपलेली असतात. त्या स्तरात प्लॉट जास्त ठेवा.

समीकरण तपासायचे प्लॉट सुरुवातीलाच बाजूला काढा, आणि ते वेगळ्या भागातले असू द्या. शेजारशेजारचे प्लॉट एकमेकांसारखेच असतात. त्यातला एक शिकवायला आणि दुसरा तपासायला वापरला तर निकाल फार छान येतो आणि खोटा येतो.

तारखेचं थोडक्यात. सेंटिनेल-२ चे दोन उपग्रह मिळून विषुववृत्तावर दर ५ दिवसांनी तीच जागा पाहतात, लँडसॅटची जोडी दर ८ दिवसांनी. उपग्रह कधी वरून जाणार ते आधी काढून ठेवा आणि एकाच फेरीवर विसंबू नका, कारण ढग कोणाचं ऐकत नाहीत. गवत आणि पिकांत दोन-तीन दिवसांचा फरकही जाणवतो. सदाहरित जंगलात दोन आठवडे चालून जातात. विरळ वनस्पती असेल आणि मधे पाऊस झाला तर सावध राहा: ओली जमीन गडद दिसते आणि पिक्सेलचा रंगच बदलतो.

जागेचा पत्ता

साध्या जीपीएसची चूक उघड्यावर तीन ते पाच मीटर, आणि दाट झाडांखाली त्याहून बरीच जास्त. बिंदूवर पाच मिनिटं उभं राहून सरासरी घ्या. शक्य असेल तर दुरुस्ती मिळणारा जीपीएस वापरा. अंश दशांशात लिहा आणि पाच दशांशांपर्यंत लिहा. पाचवा दशांश अक्षांशात साधारण १.१ मीटर, चौथा ११ मीटर. चार दशांशांवर थांबलात तर नोंदीतच एक पिक्सेल हरवला.

झाडांचे माथे वेगवेगळे दिसतील इतकी बारीक प्रतिमा असेल, तर जीपीएसपेक्षा भरवशाची पद्धत म्हणजे टॅबलेट. प्रतिमा टॅबलेटवर उघडून झाडाजवळ उभं राहायचं, आजूबाजूची ठळक झाडं आणि मोकळ्या जागा जुळवायच्या आणि माथ्याची सीमा बोटाने तिथल्या तिथे काढायची. घरी आल्यावर 'हे झाड बहुधा ते असावं' असा खेळ खेळावा लागत नाही. सोबत प्रत्येक प्लॉटचे सहा फोटो: चार दिशा, वर, खाली. हे फोटो काढताना वेळ वाया जातोय असं वाटतं. नंतर मात्र सगळ्यात जास्त वेळा तेच उघडले जातात.

कोणती फांदी, कोणतं पान

वरची, उन्हातली. पूर्ण वाढलेली. एवढं सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे. एकाच झाडाचं उन्हातलं पान जाड आणि दर चौरस सेंटीमीटरला जड असतं, सावलीतलं पातळ आणि रुंद. खालून तोडलेलं पान म्हणजे उपग्रहाच्या दृष्टीने दुसऱ्याच झाडाचं पान.

'निरोगी पानंच घ्या' हा सल्ला मला तितकासा पटत नाही. पानाचा गुणधर्म प्रजातीनुसार तुलनेसाठी मोजायचा असेल तर निरोगी पान ठीक. पण आपण प्रतिमेशी जुळवतोय. निम्मी पानं किडीने खाल्लेली असतील तर पिक्सेलमध्येही तीच निम्मी पानं आहेत. म्हणून मी निरोगी पानं मोजणीसाठी घेतो आणि त्याच फांदीवरची किती टक्के पानं खाल्लेली, पिवळी किंवा धुळीने माखलेली आहेत ते वहीत लिहितो.

फांदी खाली आणायची कशी? लांब दांड्याचा सिकेटर आठ-दहा मीटरपर्यंत पुरतो. त्यापुढे वजनाची पिशवी बांधलेली दोरी फांदीवरून टाकायची आणि दोरीला बांधलेली साखळी-करवत ओढायची. पिशवी हाताने पोचत नसेल तर मोठ्या बेचकीने. फांदी कापणारं यंत्र लावलेले ड्रोनही आता वापरात आहेत. ॲल्युमिनियमचा दांडा आणि विजेची तार यांची गाठ पडू देऊ नका. फांदीखाली डोकं वर करून उभं राहणाऱ्याला हेल्मेट आणि गॉगल सक्तीचा. झाड कोणाच्याही मालकीचं असो, परवानगीचा कागद खिशात हवा. संरक्षित क्षेत्रात तो मिळायला महिने लागतात, म्हणून तिथून सुरुवात करा.

सुटी पानं तोडण्यापेक्षा छोटी फांदी अख्खी आणा. पानाला देठातून पाणी मिळत राहतं आणि ते लवकर मलूल होत नाही.

किती झाडं? प्लॉटमध्ये वरून दिसणाऱ्या पानोऱ्यापैकी साधारण ८० टक्के ज्या प्रजातींचा आहे त्या सगळ्या घ्या. प्रत्येकीची तीन ते पाच झाडं, प्रत्येक झाडाच्या दोन-तीन फांद्या. मग वाटा धरून सरासरी काढायची. समजा तीन प्रजाती आहेत, वाटा ७०, २० आणि १० टक्के, आणि पानाचं वजन दर चौरस मीटरला ६०, १२० आणि १५० ग्रॅम. साधी सरासरी येते ११०. वाट्यानुसार येते ८१. प्रतिमेला ८१ दिसतात. हा वाटा खोडं मोजून ठरवायचा नाही. मोठ्या झाडाखाली वीस रोपटी उभी असली तरी वरून ती शून्य आहेत.

गवताळ भागात ५० × ५० सेंटीमीटरची चौकट ठेवून आतलं सगळं जमिनीलगत कापा आणि हिरवं व वाळलेलं वेगळं करा. हे निवडणं कंटाळवाणं काम आहे, तरी टाळू नका. वाळकं गवत लाल प्रकाश भरपूर परावर्तित करतं, त्यामुळे एकूण जैवभार तोच असूनही निर्देशांक घसरतो.

संयुक्त पानांच्या झाडांबाबत पान म्हणजे काय ते आधीच ठरवून लिहा: फक्त पर्णिका की मधला दांडा धरून? दोघांनी दोन अर्थ घेतले तर एकाच झाडाचे दोन आकडे येतात आणि दोन्ही बरोबर असतात.

पान तुटल्यानंतरची पहिली वीस मिनिटं

फांदी खाली पडली की घड्याळ सुरू झालं असं समजा. एक जण सावलीत बसलेला असावा, हातात झिपलॉक पिशव्या आणि दमट टिश्यू. दमट म्हणजे पिळून काढलेला. पाणी गळत असेल तर पानाच्या पृष्ठभागावर पाणी चढतं आणि वजन फुगतं. पानं पिशवीत ठेवली की तोंडाने आत एक फुंकर मारा आणि मगच पिशवी बंद करा. हे ऐकून नवे लोक हसतात. पण श्वासातली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड यामुळे पानातून पाणी उडणं कमी होतं. पिशवी शीतपेटीत, बर्फाला चिकटून नाही, मधे फडकं घालून. थेट बर्फाला लागलेलं पान काळं पडतं.

ताजं वजन करायचं कधी, यावर दोन मतं आहेत. प्रजातींची तुलना करणारे लोक पान रात्रभर पाण्यात ठेवून पूर्ण तजेलदार करतात आणि मग वजन करतात. आपल्याला त्या दिवशी त्या वेळी पानात खरोखर किती पाणी होतं ते हवं आहे, कारण उपग्रहाने तेच पाहिलं. म्हणून वजन तिथेच. ०.००१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा, सपाट फळी आणि वाऱ्यासाठी भोवती एक पारदर्शक डबा. वाऱ्याची झुळूक आली की शेवटचा आकडा नाचतो. तो स्थिर होईपर्यंत थांबायचं, घाईने मधला लिहायचा नाही. पाच-सहा पानं एकत्र तोला म्हणजे काट्याची चूक वाटली जाते.

मग क्षेत्रफळ. साधा फ्लॅटबेड स्कॅनर, ३०० डीपीआय, काचेवर पानं एकमेकांना न लागता, बाजूला मोजपट्टी. वळणारं पान झाकणाने सपाट दाबा. सुईसारख्या पानांचं क्षेत्रफळ काढताना ती शेजारी शेजारी मांडा आणि 'एका बाजूची सावली' मोजली की पूर्ण पृष्ठभाग, ते नोंदवा. स्कॅन झालेली पानं कागदी पाकिटात. प्लॅस्टिकमध्ये वाळत नाहीत, बुरशी येते. ओव्हनमध्ये ७० अंश सेल्सिअसला ४८ ते ७२ तास, वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत. बाहेर काढलेलं गरम पाकीट लगेच तोलू नका. सिलिका जेल असलेल्या बंद भांड्यात गार होऊ द्या. उघड्यावर गार केलं की कोरडं पान हवेतला ओलावा परत ओढून घेतं.

हिशेब साधा. ताजं वजन ०.२१० ग्रॅम, कोरडं ०.०८४, क्षेत्रफळ १०.५ चौरस सेंटीमीटर. पाणी ०.१२६ ग्रॅम, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला ०.०१२ ग्रॅम. पानाच्या पाण्याचा थर केला तर ०.१२ मिलिमीटर जाडीचा. कोरडं वजन दर चौरस मीटरला ८० ग्रॅम. टक्केवारीत पाणी काढलं तर ६० टक्के. ही टक्केवारी बोलायला सोपी, पण प्रकाश पाण्याच्या थरातून जातो, त्याला टक्केवारी कळत नाही. प्रतिमेशी जोडताना दर क्षेत्रफळाचाच आकडा वापरा.

हरितद्रव्यासाठी मधली शीर टाळून गोल चकत्या पाडा, ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून द्रव नायट्रोजनमध्ये किंवा निदान बर्फात ठेवा आणि लवकरात लवकर उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये. प्रयोगशाळेत ८० टक्के ॲसिटोनमध्ये काढून ६६३ आणि ६४५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचं शोषण मोजतात. काम मंद उजेडात करा, नाहीतर मोजतानाच हरितद्रव्य विघटित होत राहतं. एसपीएडी मीटर ६५० आणि ९४० नॅनोमीटरचा प्रकाश पानातून पाठवून एक एककविरहित आकडा देतो. त्याची खिडकी अवघी २ × ३ मिलिमीटरची, म्हणून एका पानावर निदान पाच-सहा वाचनं घ्या. त्याचा आकडा म्हणजे हरितद्रव्य नव्हे. प्रत्येक प्रजातीची थोडी पानं रसायनाने मोजून रूपांतराची रेषा काढावीच लागते आणि ती रेषा सरळ नसते. नायट्रोजनसाठी वाळलेली पानं बारीक दळून पाठवा. त्याची फार घाई नसते.

स्पेक्ट्रोरेडिओमीटर बाहेर काढला तर

स्पेक्ट्रोरेडिओमीटर म्हणजे प्रत्येक तरंगलांबीचा किती प्रकाश परावर्तित होतो ते मोजणारं यंत्र; त्यातून येणारा आलेख म्हणजे स्पेक्ट्रम. मोजणीच्या निदान अर्धा तास आधी चालू करून ठेवा, यंत्र तापून स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतो. वेळ स्थानिक मध्यान्हाच्या आगेमागे दोन तास. आकाश स्वच्छ हवं, आणि स्वच्छ नसेल तर एकसारखं ढगाळही चालत नाही. अशा दिवशी पर्णछत्र सोडून सरळ क्लिपने एकेका पानावर मोजा. पांढऱ्या प्रमाण पट्टीचं (जिच्याशी पानाच्या परावर्तनाची तुलना करतात) वाचन दर पाच-दहा मिनिटांनी, आणि सूर्यावरून ढगाचा पापुद्रा गेला की लगेच. पट्टीवर बोट लावू नका. बोटाचं तेल अवरक्तात दिसतं.

नुसत्या फायबरची दृष्टी साधारण २५ अंशांची असते, म्हणजे एक मीटर उंचीवरून ४४ सेंटीमीटर रुंदीचं वर्तुळ. पिकाच्या दोन ओळींमधलं अंतर ६० सेंटीमीटर असेल तर एवढ्या उंचीवरून एकदा नुसती ओळ मोजाल आणि एकदा नुसती माती. उंची वाढवा, किंवा ओळींना आडवं चालत जाऊन अनेक वाचनांची सरासरी घ्या. सूर्याकडे तोंड करून उभं राहा म्हणजे तुमची सावली मागे पडेल, आणि गडद रंगाचे कपडे घाला. पांढऱ्या शर्टाचा प्रकाश पानांवर पडतो. तो पहिल्यांदा आलेखात दिसला तेव्हा मीही विश्वास ठेवला नव्हता.

१४०० आणि १९०० नॅनोमीटरच्या आसपास उघड्यावर नुसता गोंधळ येईल. हवेतली वाफ तिथला सूर्यप्रकाश गिळून टाकते, यंत्र बिघडलेलं नाही. तो भाग काढून टाका. १००० आणि १८०० च्या आसपास पायरी दिसली तर आतले डिटेक्टर जुळत नाहीयेत, बहुतेकदा यंत्र पुरेसं तापलेलं नसतं.

पान चिमटीत धरून मोजणाऱ्या क्लिपला स्वतःचा दिवा असतो, म्हणून ती कोणत्याही वेळी चालते. पण दिवा गरम असतो. पातळ पान चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त धरलं तर वाळायला लागतं आणि तुम्ही पाण्याचा आलेख घेताना पाणी उडवत असता. मागे काळी पार्श्वभूमी ठेवा. नाहीतर पानाआरपार गेलेला प्रकाश परत येऊन आकडा वाढवतो.

एलएआय

माशाच्या डोळ्याच्या भिंगाने (फिशआय लेन्सने) आकाशाकडे तोंड करून फोटो काढणं ही परवडणारी पद्धत. पहाट, संध्याकाळ किंवा एकसारखं ढगाळ आकाश ही त्याची वेळ, म्हणजे स्पेक्ट्रमच्या बरोबर उलट. त्यामुळे दिवसाचं वेळापत्रक आपोआप पडतं: सकाळी एलएआय, दुपारी प्रकाश, मधे फांद्या. उभ्या रेषेपासून ५७.५ अंशांच्या कोनात पाहिलं तर पानं उभी आहेत की आडवी याचा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो. गणितात अडचण आली तर तो पट्टा वापरा. लक्षात ठेवा की फोटोत खोडं आणि फांद्याही मोजल्या जातात, म्हणून मिळतो तो आकडा निव्वळ पानांचा नसतो. गुडघ्याइतक्या पिकात कॅमेरा वर धरून खाली फोटो काढा.

लेबल

पिशवीच्या आत एक, बाहेर एक. पेन्सिलने. शाई दमट टिश्यूला लागली की उरतो फक्त निळा डाग. क्रमांक घरीच छापून न्या आणि प्रत्येक क्रमांक संपूर्ण कामात एकदाच येऊ द्या. 'प्लॉट ४, झाड २, फांदी १' असा अर्थपूर्ण क्रमांक मोहक असतो, पण दुसऱ्या गटाचाही प्लॉट ४ निघतो. मी साधा चढता क्रमांक ठेवतो आणि बाकी सगळं तक्त्यात: वेळ, प्रजाती, झाडाची उंची, फांदी कुठून कापली, ऊन की सावली, स्पेक्ट्रमची फाइल, स्कॅनची फाइल. फांदीसोबत लेबल धरून एक फोटोही. यंत्रांची घड्याळं सकाळी एकमेकांशी जुळवून घ्या. फाइलचं नाव चुकलं तर वेळेवरून ती शोधता येते.

प्रतिमेशी जोडणी

वातावरणाचा परिणाम काढलेली, पृष्ठभागाच्या परावर्तनाची प्रतिमा घ्या. ढगाचा मुखवटा (ढगाळ पिक्सेल वगळणारा थर) लावा आणि तरी डोळ्यांनी पाहा, कारण पातळ ढगाची कड आणि ढगाची सावली त्यातून निसटते. सेंटिनेल-२ मध्ये एक सापळा आहे: २५ जानेवारी २०२२ पासूनच्या प्रक्रियेत आकड्यांत १००० मिळवलेले असतात. ते वजा करून मगच १०००० ने भागायचं. काही ठिकाणी हे आधीच करून मिळतं, म्हणून वजा करण्याआधी तपासा. दोनदा वजा केलेलं मी पाहिलं आहे, आणि त्या आलेखात गडद पाणी ऋण परावर्तन देत होतं.

पिक्सेलचा आकडा काढताना मधल्या एका पिक्सेलवर थांबू नका. प्लॉटच्या आत पूर्णपणे बसणाऱ्या सगळ्या पिक्सेलची सरासरी आणि फरक दोन्ही घ्या. मग आलेख काढा आणि रेषेपासून लांब गेलेला ठिपका पुसण्याआधी त्या प्लॉटचे सहा फोटो उघडा. मागच्या वेळी असाच एक ठिपका होता, एलएआय ४ आणि एनडीव्हीआय उजाड जमिनीचा. फोटोत दाट झाडी स्पष्ट होती. वहीत पाहिलं तर रेखांशाचा तिसरा आणि चौथा दशांश लिहिताना उलटे पडले होते आणि प्लॉट काही शे मीटर सरकून शेजारच्या खाणीत जाऊन बसला होता. आकडे सरळ केले आणि ठिपका रेषेवर आला.